शनिवारी दूध उतू जायला हवं : गृहप्रवेशाआधीच्या एका आठवड्याचं प्रकरण

साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या आमच्या इंटिरिअर डिझाईनच्या धंद्यातल्या खऱ्या मुदती. बलिप्रतिपदेचा अर्धा मुहूर्त ऐन दिवाळीत येतो आणि तोवर निम्मे कारागीर गावच्या गाडीत बसलेले असतात. करारात काम किती महिन्यांचं लिहिलंय याला फारसा अर्थ नसतो. घरच्यांच्या डोक्यात एकच तारीख असते, आणि ती पंचांगातून आलेली असल्यामुळे तिच्यावर वाटाघाट होत नाही.

हे प्रकरण अशाच एका दसऱ्याचं आहे. पश्चिम पुण्यातला एक टॉवर, अकरावा मजला, तीन बेडरूम, साधारण हजार चौरस फूट कार्पेट. राहायला येणार ते काका (बँकेतून निवृत्त), काकू, मुलगा-सून (दोघंही हिंजवडीला आयटीत), शाळकरी नात आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी. पेठेतलं जुनं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, एवढं एकच कारण या सगळ्या खरेदीमागे होतं. नावं आणि सोसायटी गाळली आहे, बाकी घडलं तसं लिहिते.

दसरा शनिवारी होता. सोमवारी सकाळी साईटची स्थिती तशी वाईट नव्हती. फॉल्स सीलिंग आणि रंगाचा पहिला हात झालेला, स्वयंपाकघराचे खालचे बॉक्स लेव्हलला बसलेले, कपाटं उभी, त्यांची दारं म्हणजे शटर लावायची बाकी. आजींच्या बाथरूमची फरशी घातलेली. ओट्याचा ग्रॅनाईट सोमवारी, प्लंबिंग मंगळवारी, शटर आणि चिमणी बुधवारी, मुख्य दाराचं पॉलिश गुरुवारी, सफाई शुक्रवारी असा कागदावरचा बेत होता. बेतात मोकळा दिवस एकही नव्हता. असे बेत मी करत नाही, पण कपाटांवर चिकटवायचं लॅमिनेट उशिरा आल्यामुळे मधला आठवडा गेला होता आणि दसरा काही पुढे सरकणार नव्हता.

ओटा

सोमवारी सकाळीच ग्रॅनाईटचे तीन तुकडे टेम्पोतून आले. त्यातला शेगडीचा तुकडा आठ फूट बाय दोन फूट, अठरा मिलिमीटर जाड. म्हणजे सत्तर किलोंच्या आसपास वजन. आत बसवायच्या शेगडीसाठी त्यात खाच कापून आणलेली होती. दोन फूट खोलीच्या ओट्यात शेगडीची खाच साधारण एकोणीस इंच खाते. पुढे दोन इंचांची पट्टी उरते आणि मागे तीन. सगळा दगड जणू त्या दोन पट्ट्यांवर लटकलेला असतो. म्हणून असा तुकडा उभाच न्यायचा आणि खाचेवर लाकडी पट्टी बांधूनच उचलायचा. पट्टी बांधलेली होती, ती दारात वळताना अडते म्हणून चौघांतल्या एकाने सोडली. ठेवताना एक टोक आधी टेकलं आणि पुढची पट्टी टकदिशी गेली. आमचा सुतार राजस्थानचा. तो दुसऱ्या खोलीतून न बघताच म्हणाला, "मॅडम, पत्थर गया."

खाच कारखान्यात का कापायची, साईटवर दगड बसवून मग का नाही, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. साईटवर कापली तर मोडण्याचा धोका जवळजवळ संपतो. पण रंगाचा हात झालेल्या घरात ग्रॅनाईटची पूड प्रत्येक फटीत जाते आणि हातमशीनच्या कापाला कारखान्यातल्या कापाची सफाई नसते. घर रिकामं असेल तर मी साईटवर कापून घेते. इथे घर रिकामं नव्हतं.

मुलाने फोटो बघून लगेच सुचवलं की एपॉक्सीने जोडू, काळा दगड आहे, कुणाला कळणार? ग्रॅनाईटवाल्यालाही तेच हवं होतं. काकूंनी एका वाक्यात विषय संपवला, "भंगलेल्या दगडावर पहिलं दूध नको." मुलगा हसला. मी काकूंच्या बाजूने होते, पण माझं कारण निराळं. शेगडीपुढची पट्टी ही ओट्यावरची सगळ्यात कष्टाची जागा असते. तिथे शेगडीची धग लागते, ओला फडका फिरतो, कुकर उतरवताना दणका बसतो, आणि भाजी परतताना बाई तिथेच रेलते. एपॉक्सी महिनाभर दिसत नाही; नंतर त्या सांध्यात तेल मुरतं आणि रेघ उमटते. सिंकच्या मागच्या कोपऱ्यात हाच तडा गेला असता तर मी जोडायला हो म्हटलं असतं.

म्हणजे पूर्ण तुकडा नवा. ग्रॅनाईटवाल्याकडे त्याच लॉटचा दगड शिल्लक होता, पण त्याच्या कारखान्यात दसऱ्याची रांग लागलेली. पुढच्या बुधवारच्या आधी मिळणार नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. "बघतो, प्रयत्न करतो" म्हणून शुक्रवारपर्यंत टांगून ठेवणाऱ्यापेक्षा असा माणूस परवडतो.

काकूंना विचारलेला प्रश्न

सोमवारी दुपारी दुसरी बातमी आली, तिच्याकडे वळतेच. पण त्या संध्याकाळी मी जे केलं ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा आठवडा त्यावर चालला.

ओट्याशिवाय "घर पूर्ण" होणार नाही हे उघड होतं. अशा वेळी बहुतेक साईटवर एकच होतं : सगळ्यांना जास्त माणसं आणायला सांगतात, एका खोलीत तीन धंद्यांचे कारागीर एकमेकांच्या पायात येतात, सुताराचा भुसा रंगाऱ्याच्या ओल्या भिंतीवर बसतो, आणि शनिवारी प्रत्येक काम नव्वद टक्के झालेलं असतं. नव्वद टक्के झालेल्या घरात काहीच वापरता येत नाही. नळ आहे पण खाली पाईप नाही. दिवा आहे पण स्विचची प्लेट नाही.

म्हणून काकूंना फोन करून एवढंच विचारलं, "शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत घरात काय काय होणार आहे ते मला क्रमाने सांगा." त्यांनी सांगितलं. सकाळी जुन्या घरी नवरात्राचे घट हलणार, नैवेद्य तिथेच. दुपारी विजय मुहूर्तावर नव्या घरात प्रवेश. काकूंच्या हाती कलश, आजींच्या हाती देव. गणपतीपूजन. मग नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचं. वास्तुशांत आत्ता नाही, गुरुजींनी मार्गशीर्षातला दिवस दिला आहे. संध्याकाळी सोनं द्यायला पंचवीस-तीस माणसं येतील. आणि देवापाशी दिवा लावलेलं घर रात्री रिकामं ठेवायचं नाही, म्हणून काका, काकू आणि आजी तिथेच झोपणार. मुलगा-सून आणि नात जुन्या घरी परत जातील, सामान सावकाश हलवायचं आहे.

या सांगण्यातच कामाची यादी होती. एक पेटती शेगडी आणि तिच्याखाली भक्कम आधार. वाहतं पाणी. आजींची खोली पूर्ण, त्यांचं बाथरूम पूर्ण. देवाची जागा. दिवे आणि पंखे. हॉल रिकामा आणि पुसलेला. संपलं.

मास्टर बेडरूमचं कपाट, नातीची खोली, टीव्हीची भिंत, चिमणी, दाराचं पॉलिश, मागच्या बाल्कनीतली कपाटं हे सगळं मी त्याच रात्री शनिवारच्या यादीतून काढलं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर लिहून टाकलं. प्रत्येकापुढे नवी तारीख. सुनेचा फोन आला. तिचा आवाज नाराज होता आणि ते बरोबरच होतं : सगळी निवड तिची, रंग तिचे, आणि तिच्याच खोलीचं कपाट मागे पडलेलं. "ताई, लोक येणार आहेत, खोली अशी उघडी दिसणार?" मी सांगितलं की त्या खोलीचं दार बंद राहील आणि आत भुसा नसेल. ती गप्प झाली. पटलं असं नाही.

या धंद्यात कौशल्य कशात असतं याबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत पक्कं झालं आहे. रंगसंगती, रेखाटनं, थ्रीडी चित्रं यांवर आमची निवड होते. पण काम हाताबाहेर जायला लागतं तेव्हा तारखेआधी काय करायचं नाही हे ठरवता येणं, आणि ते सोमवारीच सांगता येणं, याला जास्त किंमत आहे. शुक्रवारी रात्री सांगितलं तर तो निर्णय राहत नाही, ती सबब होते.

दहाव्या मजल्याचं छत

आता दुपारची बातमी. खालच्या फ्लॅटमधल्या बाईंनी सोसायटीच्या ऑफिसात तक्रार दिली होती, की त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय आणि वर काम चालू आहे. सोसायटीने आमचं पाण्याचं काम थांबवलं. नियमाला धरूनच होतं.

आजींच्या बाथरूमची जुनी फरशी काढून आम्ही घसरणार नाही अशी खरबरीत फरशी घातली होती, दारातला उंबरा काढून उताराची पट्टी केली होती आणि खाली नवं वॉटरप्रूफिंग केलं होतं. त्यामुळे पहिला संशय आमच्यावरच. बिल्डरचा इंजिनिअर आला आणि म्हणाला, तुम्ही बाथरूम उखडलंय, आता आमची जबाबदारी संपली. हे वाक्य पाठ केलेलं असतं. रेराच्या २०१६ च्या कायद्यातलं कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा. फक्त दोष मूळचा होता की नंतर आपण केला हे दाखवता आलं पाहिजे. भांडण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधणं भाग होतं.

शोधण्याची पद्धत जुनीच आहे आणि तिला घाई चालत नाही. आधी नळाच्या लाईनला पंप लावून दाब दिला. काटा उतरला नाही, म्हणजे भिंतीतले पाईप ठीक. मग फरशीवरचं पाणी वाहून नेणाऱ्या नहाणी ट्रॅपचं तोंड बुच मारून बंद केलं, फरशीवर दोन इंच पाणी भरलं आणि पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली. हे पाणी निदान चोवीस तास, शक्यतो अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. तेवढा वेळ बाथरूम बंद, म्हणजे आजींसाठी लावायच्या पकडदांड्याही बंद. सोमवार ते बुधवार त्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे होतं की कुणीही काहीही करायचं नाही. साईटवर नुसतं बसून राहण्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून अशा चाचण्या सगळीकडे उरकल्या जातात.

बुधवारी सकाळी पाणी रेघेला लागूनच होतं. खालच्या छतावरची ओल वाढलेली नव्हती. वॉटरप्रूफिंग निर्दोष सुटलं. मग बुच काढलं, आणि पाणी ट्रॅपमधून जायला लागल्यावर थोड्याच वेळात खाली टपकलं. दोष ट्रॅप आणि खालच्या पाईपच्या सांध्यात होता. अशा इमारतींत वरच्या बाथरूमचे सांडपाण्याचे पाईप खालच्या बाथरूमच्या सीलिंगमध्ये लटकलेले असतात. दोष आपल्या घराचा, पण दुरुस्तीची जागा शेजाऱ्यांच्या डोक्यावर.

इथे एक सवय कामी आली. फरशी घालण्याआधी प्रत्येक बाथरूमचे फोटो आमच्या ऑफिसची माणसं काढून ठेवतात, टेप फ्रेममध्ये धरून, तारखेसकट. त्या फोटोंत ट्रॅप बिल्डरनेच बसवलेला, त्याच्या मूळच्या सिमेंटसकट, न हललेला दिसत होता. इंजिनिअरने फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि प्लंबर पाठवतो म्हणाला. आवाज चढवण्याची वेळ आली नाही.

खालच्या बाईंकडेही घट बसलेले होते. नवरात्र संपेपर्यंत घरात बाहेरची माणसं नकोत, असं त्यांनी आधी सांगितलं. मग काकू स्वतः खाली गेल्या, हळदीकुंकू झालं, दोघींची माहेरं एकाच तालुक्यातली निघाली. गुरुवारी दुपारी नैवेद्यानंतर, बाहेरच्या दाराने सरळ बाथरूममध्ये, एवढ्या अटीवर परवानगी मिळाली. प्लंबरने सीलिंगची झडप उघडली. सांध्यातली रबराची रिंग बसवतानाच दुमडली गेली होती. ती बदलली, पुन्हा पाणी सोडलं, टिपूसही नाही. छताचा डाग सुकल्यावर रंगवून देण्याचं काम बिल्डरने मान्य केलं. आम्ही ते लेखी घेतलं.

आजींचा स्विच

हे सगळं चालू असताना बुधवारी दुपारी मी साईट सोडून एका दातांच्या दवाखान्याच्या कामावर गेले. डेंटल चेअरला पाणी, सांडपाणी, दाबाची हवा आणि वीज अशा चार लाईन जमिनीतून येतात, आणि त्यांची जागा फरशी घालण्याआधीच खुर्चीच्या नकाशावरून नक्की करावी लागते. तिथे नंतर बघू म्हणायची सोय नसते. त्या आठवड्यातली बाकीची कामं, म्हणजे एक नवं सादरीकरण, भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात व्हिनिअर निवडायला यायचं म्हणणारं एक जोडपं, कोटेशनं, सगळी पुढे ढकलली. त्या जोडप्याने रागावून दुसरा डिझायनर गाठला. चालायचंच.

परत आले तर आजी साईटवर आलेल्या. काकांनी त्यांना खोली दाखवायला आणलं होतं. त्या पलंगावर बसल्या, पाय टेकतात का पाहिलं (टेकले, गादीसकट अठरा इंच उंची याचसाठी ठेवली होती), आणि विचारलं, "रात्री उठले तर दिवा कुठून लावू?" स्विच दाराशी होता. नकाशात पलंगाशीही एक होता, पण नकाशातला पलंग दुसऱ्या भिंतीला होता. दक्षिणेकडे डोकं हवं म्हणून काकूंनी मधल्या काळात पलंग फिरवला होता.

जुन्या विटांच्या इमारतीत हे तासाभराचं काम. भिंत खाचायची, पाईप टाकायचा, गिलावा करायचा. पण हा टॉवर मायवान पद्धतीचा, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेला. विटांची भिंत नाहीच. सगळं लोखंड घातलेलं काँक्रीट. तिथे खाच मारली की सळईवरचं आवरण जातं, पुढे गंज धरतो, आणि सोसायटीची बंदीही असते. पकडदांडीसाठी छिद्र पाडणं वेगळं. उलट अशा भिंतीत बोल्ट फार छान धरतो. वायर न्यायची तर बाहेरून पट्टी मारायची.

सुनेला ती पांढरी केसिंग-पट्टी बघवेना. तिने बिनतारी स्विच सुचवला, बटणाच्या सेलवर चालणारा. त्याला माझा विरोध होता. सेल संपतो तो रात्रीच, आणि अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला दिवा का लागत नाही हे कळत नाही. शेवटी तोडगा सुताराने काढला. पलंगाच्या डोक्याशी गादीचं पॅनेल यायचंच होतं. ते भिंतीपासून पाऊण इंच पुढे घेतलं, वायर सीलिंगमधून कोपऱ्याने खाली आणून पॅनेलच्या मागून नेली, आणि स्विच पॅनेलच्या कडेला, आजी झोपून हात लांबवतील तिथे लावला. जागा ठरवण्यासाठी आजींना खरंच झोपायला लावलं. स्विचही मोठ्या पाकळीचा, दाबला की कळतो असा. कोपऱ्यातली दोन फूट पट्टी तेवढी दिसते. तिला भिंतीचा रंग दिला.

बाथरूम मोकळं झाल्यावर गुरुवारी पकडदांड्या लागल्या. कमोडशेजारची दांडी किती उंच असावी याचे तक्ते असतात आणि मी ते पाळते, पण आजींची उंची जेमतेम पावणेपाच फूट. त्यांना कमोडवर बसवून, हात जिथे आपोआप गेला तिथे खडूने खूण केली. तक्त्यापेक्षा दोन इंच खाली आली.

पाऊस, पॉलिश, खंडेनवमी

गुरुवारी परतीचा पाऊस लागला. पॉलिशवाला तयार होता. मुख्य दाराला सागाचं व्हिनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, त्यावर मेलामाईन पॉलिश. आधीच यादीतून काढलेलं काम, पण माणूस मोकळा आहे तर मारून घेऊ असा काकांचा आग्रह. मी नाही म्हटलं. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवा दमट असेल तर त्यावर बारीक बाष्प धरतं आणि पॉलिशखाली दुधाळ झाक राहते. मग घासून पुन्हा पहिल्यापासून. शिवाय तो वास दोन दिवस घरात राहिला असता आणि आजी तिथे झोपणार होत्या. दाराला फक्त सीलरचा हात मारून ठेवला. शनिवारी झेंडूच्या तोरणाखाली ते कुणी पाहिलंही नाही.

शुक्रवारी खंडेनवमी. आमचा वायरमन मुळशीचा. त्याने गुरुवारीच सांगून ठेवलं होतं की उद्या हत्यारं पुजली की ड्रिलला हात लावणार नाही. सुतारांची विश्वकर्मा पूजा वेगळ्या दिवशी असते, त्यामुळे ते येणार होते, पण सोसायटीत ठोकाठोकीला सहाची मर्यादा आणि संध्याकाळी खाली पोडियमवर गरबा, म्हणून सामानाची लिफ्ट सातनंतर बंद. सगळी छिद्रं, सगळे पंखे, देवघराची मागची पट्टी हे सगळं गुरुवारी सहाच्या आत उरकावं लागलं, आणि पंखे टांगण्यात माझी सहायक शिडी धरून उभी होती.

शुक्रवारी ओट्याचा प्रश्न सुटला, आणि तोही अडगळीतून. बिल्डर प्रत्येक फ्लॅटला ग्रॅनाईटचा साधा ओटा देतो; सगळे तो काढून राड्यारोड्याबरोबर फेकतात. मी काम संपेपर्यंत दगडाचा मोठा तुकडा साईटवरून जाऊ देत नाही, सोसायटी कितीही कटकट करो. मागच्या बाल्कनीत तो पाच फुटी तुकडा उभा होता. नव्या बॉक्सवर, खाली रबराच्या पट्ट्या देऊन, तो आडवा टाकला. त्यावर जुन्या घरची दोन बर्नरची शेगडी, नवी नळी आणि जुन्या घरचंच सिलिंडर, कारण पाईप गॅसचं मीटर अजून यायचं होतं. सिंक तूर्त नव्हतं. पाणी बाथरूमचं आणि मागच्या बाल्कनीतलं. काकूंना मी आधी विचारलं होतं, हा जुना दगड चालेल का. त्या म्हणाल्या, "अखंड आहे ना? मग झालं."

पैसे

शुक्रवार हा पैशांचाही दिवस होता. सणाच्या तोंडावर कारागिराला पैसे हवेतच, आणि शेवटचा पंधरा टक्के हप्ता करारात "काम पूर्ण झाल्यावर" लिहिलेला. ओटा नाही, शटर नाहीत, पॉलिश नाही. काकांनी बँकेत आयुष्य काढलेलं. ते शांतपणे म्हणाले, काम पूर्ण नाही.

बरोबर होतं त्यांचं. आणि सुताराचंही बरोबर होतं. त्याचं ऐंशी टक्के काम उभं होतं आणि ग्रॅनाईट त्याने मोडला नव्हता. इथे बहुतेक साईटवर संबंध बिघडतात, कारण "पूर्ण" या एका शब्दावर दोन्ही बाजू बसून राहतात. सोमवारी यादीतून काढलेल्या प्रत्येक कामापुढे मी किंमत लिहिलेली होती. त्या सगळ्यांची बेरीज सव्वा लाखाच्या आसपास, शेवटचा हप्ता पावणेतीन लाखांचा. मी काकांना सुचवलं : सव्वा लाख तुमच्याकडे राहू दे, एकेक काम झालं की त्या कामापुरते पैसे सोडा, बाकीचे दीड लाख आज द्या. त्यांनी यादी दोनदा तपासली, चिमणीच्या पाईपची किंमत कमी धरल्याचं दाखवून ती वाढवली, आणि दुपारीच पैसे पाठवले. सुतारांची उचल वळती करून संध्याकाळी सगळ्यांचे हिशेब झाले.

ग्रॅनाईटचा भुर्दंड ग्रॅनाईटवाल्यावर पडला, वाद न होता, कारण त्याच्या ऑर्डरमध्ये "साईटवर बसवून, सही घेईपर्यंत" असे शब्द होते. दगड मालकाने बाजारातून घ्यायचा आणि बसवणारा वेगळा लावायचा, असा स्वस्तातला मार्ग काकांनी सुरुवातीला काढला होता. तसं झालं असतं तर विकणारा म्हणाला असता मी शाबूत दिला, बसवणारा म्हणाला असता दगडातच दोष होता. आपल्याकडे आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरला असा कुठलाच कायदा नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे ग्राहकाला आणि आम्हाला जे काही संरक्षण आहे ते करारातल्या आणि ऑर्डरमधल्या अशा चार शब्दांचं.

शनिवारी दूध उतू गेलं, जरा जास्तच. शेगडीखालच्या दगडावरून ओघळून नव्या बॉक्सच्या कडेपर्यंत आलं. ओट्याखालच्या बॉक्सना आयएस ७१०चा म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आहे, तेवढ्याने त्याला काही होत नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी सुनेच्या खोलीचं दार उघडलंच, आणि तिने मला तिथूनच फोटो पाठवला, खाली काही न लिहिता.

नवा दगड पुढच्या बुधवारी आला, या वेळी खाच न कापता. ती स्वयंपाकघराला प्लास्टिकचा पडदा लावून साईटवर कापली. बिल्डरचा जुना तुकडा मागच्या बाल्कनीत भांडी घासायच्या जागेवर बसला. पॉलिश ऊन पडल्यावर झालं. सुनेच्या कपाटाची दोन शटर मात्र अजून बाकी आहेत. नव्या लॅमिनेटचा लॉट पहिल्यापेक्षा किंचित पिवळा निघाला, तिच्या डोळ्यांनी ते लगेच टिपलं, आणि जुळणारा लॉट येईपर्यंत त्या दोन शटरचे पैसे काकांकडेच आहेत.